तोलमापवाले काका आणि वरचा सा

चांगलं हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. एक तर 'पास', नाहीतर 'रिजेक्ट'. आमच्या आईची कढी पास, शेजारच्यांचा जावई रिजेक्ट, सोसायटीच्या गणपतीची आरती 'लयीत पास, सुरात रिजेक्ट'. कुणी विचारलेलं नसायचं. विचारलं नसतानाच माणूस खरं बोलतो, असं त्यांचं मत होतं.

ते तोलमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायची, हे काम त्यांनी जन्मभर केलं. मी ओळखायला लागले तेव्हा निवृत्त होऊन बडोद्यात, तरसालीला, आमच्या समोरच्या घरात राहायला आले होते. पण अर्ध्या किलोचं एक पितळी वजन त्यांच्या पँटच्या खिशात कायम असायचं, त्यामुळे पँट एका बाजूला ओघळलेली. भाजीच्या लारीवर गेले की आधी ते वजन काट्यावर ठेवायचे, मग वांगी.

"साहेब, हवे तो तमे रिटायर थई गया!" भाजीवाला हात जोडायचा.

"हुं थयो छुं. कांटो नथी थयो." मी झालोय, काटा रिटायर झालेला नाही.

लोक त्यांना साहेब म्हणत. आम्ही मुलं काका म्हणायचो. त्यांच्या मागे तोलमापवाले काका.

आणि हे काका घरात जलतरंग शिकवायचे. चिनी मातीच्या वाट्या, लहानमोठ्या, अर्धगोलात मांडलेल्या, प्रत्येकीत कमीजास्त पाणी, आणि दोन बारीक काड्या. पाणी घातलं की सूर उतरतो, काढलं की चढतो. आयुष्यभर ग्रॅम आणि मिलिलिटर मोजलेल्या माणसानं वाटीत पाणी मोजून घालावं असं कुणालाही वाटेल. तसं करायला गेलेल्या एका हुशार मुलाला त्यांनी मापट्यासकट घरी पाठवलं होतं. "पाणी डोळ्यानं बघू नकोस. कानानं बघ."

मी त्यांच्याकडे शिकायला गेले नव्हते. वाटी परत मागायला गेले होते. मी नऊ वर्षांची होते. आईनं ते नवीन राहायला आले म्हणून चिनी मातीच्या वाटीत शिरा पाठवला. आठवडा झाला, वाटी परत नाही. आईनं मला पाठवलं. काकांनी दार उघडलं, मला आत नेलं, अर्धगोलातल्या एका वाटीकडे बोट दाखवलं.

"ती?"

"हो, तीच. आईनं मागितलीय."

"मिळणार नाही. तो आता धैवत आहे."

मी घरी येऊन तसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, "माणूस सुशिक्षित दिसत होता." पप्पांना मात्र हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी काकू, म्हणजे त्यांची बायको, स्टीलचा डबा भरून चकल्या घेऊन आल्या. "वाटीचं मनावर घेऊ नका. मंगळबाजारात आम्हाला दुकानदार उभं करत नाहीत. हे एकेक वाटी पेन्सिलीनं वाजवून बघतात आणि साठ वाट्या वाजवून एकही घेत नाहीत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू ये गं वाटी बघायला. काका ओरडतात, पण चावत नाहीत."

मी गेले. मग जातच राहिले. फी घ्यायचे नाहीत. फी घेतली की गिऱ्हाईक होतं आणि गिऱ्हाइकाला रिजेक्ट म्हणता येत नाही, असं म्हणायचे. सगळी मिळून आम्ही सात मुलंमुली होतो. प्रत्येकाच्या घरी सरावाला स्वतःच्या वाट्या होत्या, त्यांचे सूरही काका येऊन पास करायचे.

काकांचा स्वभाव कळायला पादरा गावातली गोष्ट माहीत हवी. ती ते सांगायचे नाहीत, काकू सांगायच्या, आणि सांगताना भाजी जरा जोरात चिरायच्या. काकूंचं माहेर पादऱ्याचं. भावाचं धान्याचं दुकान. काकांची बदली तिथंच झाली. खात्याचा नियम असा की नातेवाइकाचं दुकान असेल तर दुसऱ्या निरीक्षकाला बोलवायचं. काकांनी बोलावलं. तो आला, काटा बघितला, साहेबांचा मेहुणा म्हणून चहा प्यायला आणि शिक्का मारून गेला. काकांनी संध्याकाळी घरी येऊन काकूंना विचारलं, "तुझ्या भावाकडून आणलेली तूरडाळ कुठंय?" डाळ काट्यावर ठेवली. कमी भरली. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना स्वतः चिठ्ठी लिहिली आणि मेहुण्याचा काटा बाजाराच्या मधोमध जप्त झाला.

"त्यानंतर माझ्या माहेरी भाऊबीज नाही," काकू म्हणायच्या. "डाळीनं घालवली."

"डाळीनं नाही, काट्यानं," काका आतून म्हणायचे.

"ऐकू बरं येतं यांना," काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या.

आता माझं सांगते. आमचे पणजोबा बडोद्याच्या फौजेत होते. त्यानंतर आमच्या घरात गणवेश मिळाला तो मकरपुऱ्याच्या कंपन्यांचा. पप्पा टर्नर. सकाळी बाइकवर डबा अडकवून जायचे ते अंगाला तेलाचा वास घेऊन यायचे. आई दहावी. घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी लाजून सांगत नाही. ती पायरी मी पहिल्यांदा चढले आणि सगळ्या पायऱ्या चढले, हेही लाजून सांगत नाही.

बारावीत आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी मला दक्षिणेतल्या एका खासगी विद्यापीठाबद्दल सांगितलं. अभ्यासात बरी असलेल्या आणि घरची परिस्थिती नसलेल्या मुलांची ते सगळी फी माफ करत. हॉस्टेलसकट. पण फॉर्म लांबलचक. मार्क, निबंध, घरची माहिती, आणि अगदी शेवटी एक रकाना: संगीत पुरवणी, ऐच्छिक. दहा मिनिटांचं न कापलेलं रेकॉर्डिंग आणि शिकवणाऱ्या गुरूंचं पत्र.

"भरू की नको?" मी मॅडमना विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "विचार करून भर. चांगली असेल तर चार हजार फॉर्ममधून तुझा उचलला जाईल. साधारण असेल तर आख्खा फॉर्म साधारण दिसेल. तुझे मार्क चांगले आहेत, पण तसे मार्क पुष्कळांचे आहेत."

पप्पांना विचारलं. ते बेसिनवर हात धूत होते. म्हणाले, "मागितलंय तेवढाच माल द्यावा. जास्तीचा पार्ट पाठवला की तोही तपासायला घेतात."

आई म्हणाली, "एवढी वर्षं टुणटुण ऐकलीय आम्ही. त्यांनाही ऐकू दे."

मी ठरवलं, भरायचं. त्या फॉर्ममध्ये माझ्यासारखं दुसरं काही नव्हतं. मार्क सगळ्यांचे असतात, निबंध मॅडमनी सगळ्यांचे तपासले होते. जलतरंग माझं एकटीचं होतं.

काकांना पत्र मागितलं तेव्हा ते ताठ बसले. "म्हणजे सर्टिफिकेट."

"पत्र हो काका, साधं पत्र."

"माझी सही ज्याच्याखाली जाते ते साधं नसतं. फॉर्मची शेवटची तारीख?"

"बावीस दिवस आहेत."

"मग उद्यापासून तपासणी."

तपासणी म्हणजे तपासणीच. रोज संध्याकाळी सहाला. खात्यातला जुना कडक कॉलरचा शर्ट घालून बसायचे आणि वहीत रेघा मारून लिहायचे. पंखा बंद, कारण पंख्यानं पाणी उडतं. मी भूप वाजवायचे आणि घामाचे थेंब वाटीत पडू नयेत म्हणून कपाळाला रुमाल बांधायचे. चौथ्या दिवशी वही माझ्यापुढे केली. 'लय: पास. आलाप: पास. डावा हात: उजव्यापेक्षा हलका, द्रुतमध्ये जास्तच हलका. रिजेक्ट. वरचा सा: उतरलेला. दुरुस्त करून पास.'

वरच्या सा साठी त्यांनी माझ्याकडून सगळ्यात लहान वाटीतलं पाणी काढवलं होतं. ड्रॉपरनं. "आणखी काढ. आणखी. हं, बस." ते गेलं दीड वर्ष तसंच चाललं होतं. मी लावलेला वरचा सा त्यांना नेहमी उतरलेला वाटायचा. मला वाटायचं, माझाच कान कच्चा.

त्यांनी पास केलेल्या वाट्यांवर मी दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं, फोनवर. डाव्या हाताचं सोडलं तर मला ते आवडलं. कॉलेजला पाठवण्याआधी एका वर्गमैत्रिणीला ऐकवलं. ती नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गायची, तिचा कान पक्का. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि मध्येच थांबवलं.

"उपरनो सा चढेलो छे, यार."

"चढलेला? अगं, उतरलेला होता, काकांनी लावून दिलाय."

"जेणे लगाव्यो होय. चढेलो छे."

कुणी लावला असेल तो असेल, पण चढलेला आहे. मी भांडले. मग घरी येऊन सूर दाखवणारं ॲप फोनवर घेतलं आणि एकेक वाटी वाजवली. खालच्या सगळ्या बरोबर. वरच्या तीन वाट्या चढलेल्या. सा सगळ्यात जास्त. मी पलंगावर बसले आणि मला हळूहळू उमगलं. चूक माझ्या कानाची नव्हती. आणि माझ्या एकटीच्याच वाट्या चढलेल्या नव्हत्या. सातही मुलांच्या घरात वरचा सा चढलेला होता, कारण साहेबांनी पास केला होता.

आता अडचण नीट सांगते. वरचा सा बरोबर लावून रेकॉर्डिंग केलं, तर काकांना तो उतरलेला वाटणार. ते रिजेक्ट म्हणणार आणि पत्रावर सही करणार नाहीत. त्यांना वाटतो तसा लावला, तर तिकडे बसलेले संगीतातले लोक पहिल्या मिनिटाला ओळखणार. तिसरा रस्ता सरळ होता. पुरवणी भरायचीच नाही. रकाना ऐच्छिक होता. कुणाला काही कळायची गरज नव्हती. काकांना म्हणायचं, मॅडम नको म्हणाल्या.

दोन दिवस मी त्या तिसऱ्या रस्त्यावरच होते. तपासणीला गेले नाही, पोट दुखतंय म्हणून सांगितलं. पप्पांनी दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणात विचारलं, "पोट कशानं दुखतंय?" मी सांगून टाकलं. आई म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला असलं सांगतात का? सोड तो रकाना. मार्कांवर होईल तुझं."

पप्पांनी पोळी तोडली. "माझ्या मशीनवरचा मायक्रोमीटर एकदा बिघडला होता. बाजूच्या माणसाला माहीत होतं, बोलला नाही. म्हणाला, तुम्हाला वाईट वाटेल. चारशे पार्ट भंगारात गेले. मला चारशे पार्टांचं नाही वाटलं काही. तो बोलला नाही, त्याचं वाटलं."

"म्हणजे सांगू?"

"मी माझं सांगितलं. तुझं तू बघ."

सीट माझ्या डोळ्यांसमोर होती, ती मी नाकारत नाही. मी काही फक्त काकांच्या भल्यासाठी गेले नाही. मला ते कॉलेज हवं होतं, पुरवणी हवी होती आणि खऱ्या सुरात हवी होती. सकाळी केस घट्ट बांधले आणि समोरच्या घरात गेले.

काका पेपर वाचत होते. मी उभ्यानंच सांगितलं. वरचे तीन सूर चढलेले आहेत. तुम्हाला उतरलेले ऐकू येतात. दीड वर्षापासून.

त्यांनी पेपराची घडी घातली. "कोण म्हणतं?"

मी फोन पुढे केला.

"ह्याची तपासणी कोणी केली? शिक्का कुठंय ह्याच्यावर?"

"माझी मैत्रीण पण म्हणाली."

"ती गरबेवाली? रिजेक्ट."

"काका, ती बरोबर आहे."

"मी दहा हजार काटे तपासलेत." त्यांचा आवाज चढला. "काल आलेली पोरगी मला सांगते! नको असेल तर नको म्हण. पत्र नको, शिकवणी नको, घरी जा."

मी गेले नाही. म्हटलं, "काकूंना विचारा."

का म्हटलं, मला माहीत नाही. काकू भजनी मंडळात पेटी वाजवायच्या, एवढंच डोक्यात असेल. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात लसणाची पाकळी. काकांनी त्यांच्याकडे बघितलं. काकूंनी पाकळी सोलून संपवली.

"चढलेला आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीच्या उत्तरायणाच्या आधीपासून."

"तू..." काका म्हणाले. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"माझं माहेर एकदा काट्यावर गेलंय. म्हटलं, तुमचं आता एवढंच राहिलंय, ते तरी राहू दे."

बाहेर कुणाची तरी बाइक सुरू होत नव्हती, तिची किक ऐकू येत होती. मग काका उठले, वाट्यांपुढे जाऊन बसले. वरचा सा वाजवला. पुन्हा वाजवला. काकूंना म्हणाले, "पेटी आण." पेटीला ते बनावट माल म्हणायचे, त्या घरात ती कपाटावर असायची. काकूंनी तोच सा पेटीवर धरून ठेवला. काकांनी वाटीवर काडी मारली आणि तळहात पेटीच्या लाकडावर ठेवला.

"थरथरतंय," ते म्हणाले. दोन सूर जवळजवळ असले पण एक नसले की अशी थरथर होते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

मी ड्रॉपरनं पाणी घातलं. थोडं. आणखी थोडं. थरथर थांबली.

"आता?" मी विचारलं.

"आता मला हा उतरलेला वाटतोय," ते म्हणाले. "म्हणजे बरोबर आहे."

मला वाटलं होतं, ते खचतील. काकूंनाही वाटलं असणार, त्या बाजूलाच बसून राहिल्या. पण काका कामाला लागले. म्हणाले, निरीक्षकाकडची वजनंसुद्धा ठरलेल्या मुदतीनं वरच्या प्रयोगशाळेत न्यावी लागतात, आणि ती चुकीची निघाली तर मागच्या तपासणीपासून मारलेले सगळे शिक्के संशयात येतात. मग दुकानदुकानी परत जावं लागतं. "माझ्या नोकरीत हे कधी झालं नाही. आता झालं. शर्ट दे."

त्या दुपारी ते कडक कॉलरचा शर्ट घालून निघाले, पेटी माझ्या डोक्यावर. बाकीच्या सहाही घरी गेलो, तरसालीतून मकरपुऱ्यापर्यंत. प्रत्येक दारात ते उभे राहून एकच वाक्य म्हणायचे: "तुमच्या मुलाच्या वरच्या तीन वाट्या मी चुकीच्या पास केल्या आहेत, दुरुस्त करायला आलोय." एका घरी गुजराती आजोबा होते, त्यांना काही समजेना. "अरे साहेब, चा तो पीवो!" काका म्हणाले, आधी वाटी. एका मुलाच्या आईनं विचारलं, "पण काका, वाजत तर छान होतं की." त्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की ती आत जाऊन वाट्या घेऊन आली.

परत येताना म्हणाले, "कानाच्या डॉक्टरकडे जातो उद्या. कागद घेऊन येतो. तुझं पत्र मग."

"आणि डावा हात?"

"तो रिजेक्ट आहे. त्यात माझ्या कानाचा काही दोष नाही."

तेरा दिवस राहिले होते. मी ते तेरा दिवस डाव्या हाताला दिले. जेवायला डावा हात, केस विंचरायला डावा हात, आईनं कणीक मळायला दिली तीही डाव्या हातानं. पप्पांनी कंपनीतून जरा जड काडी कातून आणली, तिनं सराव करायचा आणि वाजवताना हलकी घ्यायची. मनगट सुजलं तेव्हा आईनं हळद लावली आणि काकांना शिव्या दिल्या, ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

दहाव्या दिवशी पुन्हा तपासणी. या वेळी काका वाट्यांकडे पाठ करून बसले नाहीत, नेहमी तसे बसायचे. वाट्या ज्या फळीवर होत्या त्या फळीच्या कडेवर दोन्ही तळवे ठेवून बसले आणि डोळे मिटले. मी द्रुत संपवलं. त्यांनी तळवे उचलले नाहीत.

"पुन्हा."

मी पुन्हा वाजवलं. मग त्यांनी वही ओढली आणि डाव्या हातापुढचा शब्द खोडला. त्याच संध्याकाळी वरचे सूर पेटीशी जुळवून मी रेकॉर्डिंग नव्यानं केलं.

पत्र त्यांनी इंग्रजीत लिहिलं, सरकारी इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर असं होतं: 'वादक आठ वर्षं माझ्याकडे शिकत आहे. लय पक्की. आलापात घाई नाही. डावा हात पूर्वी हलका होता, आज तपासला, मर्यादेत आहे. तानांत अजून वैविध्य नाही. कळवणे आवश्यक आहे की निम्नस्वाक्षरीकाराला वरचे सूर वयोमानाने चुकीचे ऐकू येतात. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. या दोषामुळे वादकाच्या वाट्या दीड वर्ष चुकीच्या लागल्या. दोष वादकाने शोधला आणि तोंडावर सांगितला. सदर रेकॉर्डिंगमधील वरचे तीन सूर तिने स्वतः लावलेले आहेत. त्यांच्याबद्दल मी काही प्रमाणित करू शकत नाही.'

मॅडमनी पत्र वाचलं आणि चष्मा काढला. "हे पाठवणार तू? अगं, बाकीच्या मुलांच्या पत्रांत काय लिहिलेलं असेल, कल्पना आहे? आणि इथं तुझे सर म्हणतायत, वैविध्य नाही, मला ऐकू येत नाही. पुरवणी गाळ. माझं ऐक, अजूनही गाळता येईल."

मॅडम माझ्या भल्याचंच बोलत होत्या आणि आजवर त्यांचं मी सगळं ऐकलं होतं. पण मला गाळायचं नव्हतं. त्या पत्रातलं एकेक वाक्य तपासलेलं होतं. माझ्याबद्दल तोपर्यंत कुणी इतकं नीट काही लिहिलं नव्हतं. माझ्या दाखल्यांवर गॅझेटेड ऑफिसरनंसुद्धा न वाचता सही केली होती. मी म्हटलं, "मॅडम, त्यांना मी हवी असेन तर एवढी आहे मी. ह्यापेक्षा जास्त दाखवून गेले तर तिथं चार वर्षं तेवढी दिसत राहावी लागेल." आणि त्यांच्यासमोरच, शाळेच्या कॉम्प्युटरवर, तिन्ही फायली चढवून बटण दाबलं.

मुलाखत महिन्याभरानं झाली, फोनवर व्हिडिओनं. आईनं मागच्या भिंतीवर चादर लावली होती. तिघं जण होते. मार्क, निबंध, पप्पांचं काम, सगळं विचारून झालं. मग एका बाईंनी कागद उचलला. "तुमच्या गुरूंनी स्वतःच लिहिलंय की त्यांना वरचे सूर नीट ऐकू येत नाहीत. मग त्यांच्या शिफारशीवर आम्ही भरवसा का ठेवायचा?"

"कारण हे तुम्हाला त्यांनीच सांगितलंय," मी म्हटलं. "तुम्ही शोधून काढलेलं नाही."

बाई हसल्या नाहीत. काहीतरी लिहिलं. मला अजूनही माहीत नाही काय लिहिलं. पण सीट मिळाली, पूर्ण माफीसकट. काकांना सांगायला गेले तर म्हणाले, "पत्र दाखव." सगळी पानं बोट ठेवून वाचली, अटी दोनदा. मग म्हणाले, "पास." काकूंनी माझ्या तोंडात साखर घातली आणि पदर डोळ्यांना लावला.

पहिल्या सुट्टीत घरी आले, बॅग टाकून समोर गेले. काकांच्या कानाचं यंत्र आलं होतं. ते टेबलावर डबीत होतं. "घालत नाहीत," काकू म्हणाल्या. "म्हणतात, ज्यानं विकलं त्यानंच तपासलं. आणि सगळं पत्र्यासारखं ऐकू येतं म्हणे."

"मग तपासू की आपण," मी म्हटलं.

काकांनी डबी पुढे ओढली. ती उघडली, दोन्ही यंत्रं घातली, तोंड वाकडं केलं. मी वाट्या मांडल्या, पाणी भरलं. हॉस्टेलमध्ये पाच महिने हातात काडी नव्हती. फोन लांब ठेवला आणि वरचा सा माझ्या कानानं लावला, नीट, वेळ घेऊन. काका पाठ करून बसले. मी काडी मारली.

"चढलाय," काका म्हणाले.

"चढलाय गं!" काकू स्वयंपाकघरातून त्याच क्षणी ओरडल्या.

मी पुन्हा वाजवून ऐकलं. खरंच चढला होता. दीड वर्ष चुकीचा ऐकलेला सा माझ्या कानात बसला होता, तो अजून निघाला नव्हता.

"मी आधी म्हणालो," काका म्हणाले.

"मी आधी," काकू म्हणाल्या.

मी ड्रॉपर उचलला आणि पाणी घालायला लागले.